पुलावरचा नाका

माणसाने जन्मात एक तरी पूल बांधावा, असे मला लहानपणी फार वाटे. त्याला कारण आमचा ओढा. गाव ओढ्याच्या अलीकडे, तालुक्याची वाट पलीकडे आणि मध्ये एक बुटकी फरशी. आषाढात दोन दिवस पाऊस लागला की फरशीवरून पाणी जायचे, एस. टी. पलीकडेच थांबायची आणि आमचे गाव जगापासून तुटायचे. पुढे २०२१ साली तेथे खरा पूल झाला. पण तो सरकारने बांधला. माझ्या हाती जो पूल आला, तो शाळेच्या संगणकखोलीतल्या लोखंडी कपाटात मावतो. लांबी दीड वीत. त्याच्या एका टोकाला सारे जग आणि दुसऱ्या टोकाला आमचे बावीस संगणक, शाळेचे ऑफिस आणि भिंतीवर टांगलेली वायफायची पांढरी पेटी.

या कामावर माझी नेमणूक कशी झाली, तेही सांगून टाकतो. मी मॅट्रिक. हल्ली दहावी म्हणतात, पण आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. एका खाजगी शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या मी संगणकावर टंकतो, एवढ्यावरून हेडमास्तरांनी अनुमान काढले की यांना संगणकातले कळते. टांग्यात बसणाऱ्याला घोड्याचे दुखणे कळावे, तसलाच हा न्याय! पण विनाअनुदानित शाळेत अशी अनुमाने फार स्वस्त पडतात.

पूल म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. तारेतून जे काही येते-जाते ते सलग वाहत नाही. त्याचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून पाठवतात. ही कल्पना इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५च्या सुमारास मांडली आणि त्या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नावही त्यांनीच दिले. ब्रिज म्हणजे या पॅकेटांचा पूल. एका जुन्या संगणकाला दोन कार्डे बसवायची, एका कार्डातून आलेले पॅकेट पत्ता पाहून दुसऱ्यातून सोडायचे. पत्ता बदलायचा नाही, शिक्का मारायचा नाही. दोन्ही बाजूंच्या यंत्रांना मध्ये कोणी आहे याचा पत्ताही लागत नाही. २०१६ साली पुण्याहून आलेल्या एका तरुणाने हा पूल आम्हाला उभारून दिला आणि जाताना मला एक विद्या शिकवली: पुलावर नाका बसवण्याची.

नाका म्हणजे एक यादी. अमुक पत्त्याकडे जाणारे पॅकेट अडवा, तमुक यंत्राकडून आलेले टाकून द्या, अशी एकेक ओळ. प्रत्येक ओळीपुढे ती का घातली याची टीप लिहिण्याची सोय. पहिल्या वर्षी माझ्या यादीत आठ ओळी होत्या. सिनेमे, पत्त्यांचे खेळ, तयार निबंध पुरवणारे एक ठिकाण. (हे शेवटचे मी जरा जास्तच आवेशाने बंद केले. ‘माझी आई’ या विषयावर एकाच आईच्या सतरा वह्या तपासल्यावर कोणीही केले असते.) मग दर आठवड्याला ओळी वाढत गेल्या. प्रत्येकीमागे काही प्रसंग, काही राग, क्वचित निव्वळ संशय. रोमन लिपीत लिहिलेल्या माझ्या त्या मराठी टिपा एकापुढे एक वाचल्या तर माझ्या एखाद्या कादंबरीहून बऱ्या वठल्या आहेत, असे मला वाटे. पुढे २०२१ साली मला वाईट पत्त्यांची एक तयार यादीच सापडली. सहा हजारांवर ओळी! आमच्या मुलांना त्यातले सहा पत्तेही ठाऊक नसतील; पण मास्तराला यादी दिसली की हात शिवशिवतात. ती मी उचलून आहे तशी खाली जोडून दिली आणि त्या रात्री फार शांत झोपलो.

चार वर्षे काही बिघडले नाही. २०२५च्या जूनमध्ये शाळेची लाइन बदलली. सेकंदाला वीस मेगाबिटांची होती ती शंभरांची झाली. हेडमास्तरांनी पेढे वाटले. आणि जुलैपासून, जेथे सगळे पाचपट वेगाने व्हायचे तेथे, दुपारी अकरा-बारानंतर काही म्हणता काही होईना. पाने अर्धवट उघडत. कपाटातल्या यंत्रापुढे मी स्वतः जाऊन बसलो तर एक अक्षर दाबल्यावर ते उमटायला चहा पिऊन व्हायचा. ऑगस्ट उजाडला. आठवीच्या आणि दहावीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते, मुदत महिनाअखेरची. एकेक अर्ज अर्ध्यावर येऊन बुडू लागला. दारात पालक बसू लागले. एक आजी तर नातीचा उत्पन्नाचा दाखला पदराखाली धरून लागोपाठ तीन दिवस आली.

मी जे जे उपाय केले ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. यंत्र उघडून रंगाच्या ब्रशाने धूळ झाडली. पंखा बदलला. मेमरी दुप्पट केली. लाइनवाल्यांशी भांडलो, ते बिचारे आपले यंत्र लावून शंभरचे शंभर मोजून दाखवून गेले. शेवटी रोज सकाळी यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा परिपाठ ठेवला. त्याने सकाळी गुण येई. वास्तविक सकाळी खोलीत मुलेच नसत. तालुक्याचा दुरुस्तीवाला म्हणाला, प्रोसेसर थकला, नवे यंत्र घ्या, चाळीस हजार. पाण्याच्या टाकीसाठी गावातून जमवलेले पैसे तेवढेच होते आणि हेडमास्तर त्यांकडे पाहू लागले होते.

याच सुमारास रस्त्यात आमचे पोस्टमनकाका भेटले. आता निवृत्त आहेत, पण गावात त्यांना दुसरे नाव नाही. म्हणाले, “अहो मास्तर, आमच्या धाकट्याला विचारा की. पुण्यात हेच करतो तो.” हा धाकटा माझाच विद्यार्थी, २०१८च्या दहावीचा. त्याला मी शाळेत काही विशेष मायेने वागवले असेल असे आठवत नव्हते. तरी फोन केला.

त्याने काय काय बदलले हे न विचारता मला यंत्रासमोर बसवले आणि एक शब्द टंकायला लावला. पडद्यावर तक्ता आला: कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरचा किती वेळ खातो याचा. “सगळ्यात वर काय आहे, सर?” मी एकेक अक्षर वाचले. के, एस, ओ, एफ, टी… नाव विचित्र होते आणि पुढे आकडा शंभराला टेकलेला. दोन प्रोसेसरांपैकी एकाची ही दशा आणि दुसरा जवळजवळ रिकामा. एका टेबलावर कारकून मान मोडून लिहितो आहे आणि शेजारचा पान जुळवतो आहे, तसे.

“मग यंत्र आजारी नाही,” तो म्हणाला, “ते कामात आहे. आलेली पॅकेटं हातावेगळी करणारा हमाल आहे हा. तुमचं जुनं कार्ड सगळी पॅकेटं एकाच प्रोसेसरच्या डोक्यावर टाकतं. आता एक करा, मी शनिवारी येतोय, तोवर यंत्र अजिबात बंद-चालू करू नका.”

“अरे, पण अर्ज?”

“अर्ज रात्री भरा. दुखणं असं रोज पुसून टाकलंत तर मी बघू काय?”

मी चार रात्री अर्ज भरले. आजीच्या नातीचा दुसऱ्या रात्री भरला गेला.

अक्षर उमटायला वेळ का लागत होता, हे मला नंतर वाचून समजले, आणि समजले ते आमच्या स्वयंपाकघरामुळे. वसुबारसेला सौ. चकल्या तळायला बसते आणि नेमकी त्याच दिवशी दारावरची घंटा वाजत राहते. ती उठते, दार उघडते, येते, झारा हातात घेते तो पुन्हा घंटा. घंटा फार वाजली तर दिवसभर उठबस होईल आणि चकली एकही तळून होणार नाही. संगणकाची ही अवस्था जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोघांनी १९९६ साली एका निबंधात मांडली: पॅकेटे घेण्यातच यंत्र इतके गुंतते की घेतलेल्याचे पुढे काही करायला त्याला उसंत मिळत नाही. उपायही घरगुतीच आहे. घंटा काढून ठेवायची आणि एक घाणा उतरला की आपणच दारात डोकावून यायचे. लिनक्सने तो पुढे उचलला. पण दारात आलेल्या प्रत्येकाशी तासभर बोलत बसायचे ठरवले, तर डोकावण्यानेही भागत नाही.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी तो आला. दाढी राखलेली, पाठीला पिशवी. वाकून नमस्कार केला आणि लगेच कामाला बसला. खोली मुलांनी भरलेली होती. त्याला तशीच हवी होती. आधी त्याने दर सेकंदाला किती पॅकेटे पुलावरून जातात ते मोजले. मी मेगाबिटांचे सांगू लागलो तर म्हणाला, “वजन नको सर, नग सांगा. नाक्यावर ट्रकला वेळ लागतो तितकाच सायकललाही लागतो.” मोठी पॅकेटे दीड हजार बाइटांची असतात, शंभराची लाइन भरून वाहिली तर ती सेकंदाला सुमारे आठ हजार होतात. सगळी चिमुकली असली तर त्याच लाइनीत दीड लाखाच्या घरात जातात. आमची सात-आठ हजार होती.

मग त्याने जे केले त्याने माझ्या पोटात गोळा आला. पुलावरची पॅकेटे नाक्यावर थांबवायची की नाही, याची लिनक्समध्ये एक लहानशी कळ आहे. तीत एक असतो. त्याने तेथे शून्य लिहिले. म्हणजे नाकाच उठवला! बावीस संगणक, बावीस मुले आणि सारे जग मोकळे.

“अरे, काय करतोस?”

“दोनच मिनिटं, सर.”

तक्त्यातला शंभराचा आकडा चारावर आला. नुसता पूल चालवायला यंत्राला लागत होते ते एवढेच. मी घड्याळाकडे पाहत उभा होतो. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाने नदीचे चित्र उघडले होते. बाकीच्यांनी काय उघडले ते मी मान उंच करून पाहिले. कोणी काही वेगळे उघडले नव्हते. त्यांना नाका होता हेच ठाऊक नव्हते, तर उठल्याचे कसे कळावे? दोन मिनिटांनी त्याने शून्याचा पुन्हा एक केला आणि आकडा चारावरून शंभरावर चढला.

“ओळी किती आहेत?” त्याने विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता मोजल्या. सहा हजार चारशे. “प्रत्येक पॅकेट पहिल्या ओळीपासून सुरुवात करतं. तू हा का? नाही. तू तो का? नाही. जे कुणीच नाही, ते शेवटपर्यंत जातं. आठ हजार गुणिले सहा हजार चारशे करा.”

मी खडूने फळ्यावर केले. पाच कोटी बारा लाख. दर सेकंदाला.

“आणि यातली अडवायची किती, ते बघू आता,” तो म्हणाला. यंत्र प्रत्येक ओळीपुढे मोजणी ठेवते: या ओळीने आजवर किती पॅकेटे धरली. मी रोज सकाळी यंत्र बंद करून ती पुसत होतो. म्हणून त्याला ते चार दिवस हवे होते. पडद्यावर शून्यांची रांग सरकू लागली. शून्य, शून्य, शून्य. मधूनच एखादा आकडा. साडेसहा हजारांच्या आत-बाहेर ओळी, आणि ज्यांनी एखादे तरी पॅकेट धरले अशा सदतीस. सर्वांत जास्त धरणारी ओळ यादीत अगदी शेवटी होती.

अडवलेल्यांमुळे यंत्र थकत नव्हते. अडवलेले वाटेत कोठेतरी गळून पडत. त्यांचे प्रश्न तेथेच संपत. सगळी यादी पायाखाली घालावी लागत होती ती निर्दोष पॅकेटांना. नदीच्या चित्राला. आजीच्या दाखल्याला.

वरून खाली येताना तो एका ओळीपाशी थांबला. मी त्याच्या खांद्यावरून वाचले. एका फोनचा बारा अक्षरी क्रमांक, आणि पुढे माझी टीप: ‘पोस्टमनचा धाकटा. रात्री शाळेच्या भिंतीला टेकून बसतो. कायम बंद. जून २०१८.’ त्यापुढे मोजणी: शून्य.

मला तो प्रसंग आठवला. रात्री दहाला मी शाळेवरून येत होतो आणि अंधारात भिंतीशी एक चेहरा निळा उजळलेला दिसला होता. मी काही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी ही ओळ घातली आणि विसरून गेलो. म्हणजे सात वर्षे या शाळेत आलेल्या-गेलेल्या बहुतेक प्रत्येक पॅकेटाला पुलावर थांबवून विचारले जात होते: तू पोस्टमनचा धाकटा तर नव्हेस?

“तो फोन मी केव्हाच विकला, सर,” तो हसून म्हणाला. “आणि हल्लीचे फोन तर जागोजागी वेगळाच नंबर सांगतात, या ओळीत आता कुणी सापडायचं नाही.”

“काय करत होतास रे तू तिथे?” मी विचारले. सात वर्षे उशिरा.

“पिक्चर बघत होतो. खोटं कशाला बोलू?” जरा थांबून म्हणाला, “पिक्चरही बघत होतो. काढू ही?”

“राहू दे. मी काढतो.”

पुढची दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. यादीच्या अगदी माथ्यावर त्याने एक ओळ घातली: जे पॅकेट आधीच चालू असलेल्या बोलण्यातले आहे, त्याला काही न विचारता जाऊ द्या. म्हणजे दारातून पहिल्यांदा आत येणाऱ्याचीच काय ती चौकशी. त्याच्या मागून येणारी हजार पॅकेटे ओळखीची. यासाठी यंत्राला चालू बोलण्यांची नोंदवही ठेवावी लागते. तिची पाने मोजकी असतात, ती भरली की नवागताला जागा उरत नाही. म्हणून तीही किती भरली आहे ते त्याने पाहून घेतले. एवढ्या एका ओळीने आकडा शंभरावरून नऊवर आला.

मग त्या सहा हजार पत्त्यांचे गाठोडे. “बाबा सांगायचे, सर, टपाल कसं निवडायचं,” तो म्हणाला. “देशात दीड लाखावर पोस्टं. एकेका पोस्टाचं नाव घेत पत्र कुणाचं हे विचारत बसलं तर पत्र पोचेल कधी? पिन बघायचा. पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट. सरळ त्या खणात.” पिनची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट मी त्याला सांगितली, तेवढी तरी मला ठाऊक होती! त्याने माझे पत्ते तसेच खणांत घातले. पत्त्यावरून एक हिशेब करायचा, त्यातून खणाचा नंबर निघतो, तेवढाच खण उघडून पाहायचा. पत्ते सहा हजार असोत की साठ हजार, डोकावणे एकदाच. सहा हजार ओळींच्या जागी एक ओळ राहिली. माझ्या स्वतःच्या टिपांच्या ओळी तेवढ्या खाली उरल्या. आकडा सातावर स्थिरावला. हेडमास्तरांनी दारातून विचारले, “चाळीस हजार?” मी मानेने नाही म्हटले. ते टाकीच्या ठेकेदाराला फोन करायला गेले.

राहिलेले अर्ज सोमवारी दुपारी, भर शाळेत भरून झाले.

गणेशचतुर्थीला संध्याकाळी मी पोस्टमनकाकांकडे दर्शनाला गेलो. धाकटा बाहेर माळा लावत होता. काकांनी मोदकांचे ताट पुढे केले. मी त्यांच्या मुलाची तारीफ करू लागलो. मनापासून करत होतो. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “हुशार आहे. एक वर्ष गेलं त्याचं, नाहीतर आणखी पुढं असता. पॉलिटेक्निकचा फॉर्म राहिला त्या साली. फरशीवर पाणी, एस. टी. बंद, घरात रेंज नाही. शाळेच्या भिंतीशी यायचं तेवढं, तेही बंद पडलं. वर्षभर तालुक्याला मोबाइलच्या दुकानात बसला. तिथंच शिकला म्हणा हे सगळं.”

मोदक हातात तसाच राहिला. “काका,” मी म्हणालो, “ते बंद पडलं नव्हतं. मी बंद केलं होतं. त्याच्या एकट्याचं.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “शेजारच्या पोरांचं चालत होतं ना. त्याला त्याच रात्री कळलं. मला म्हणाला, बाबा, सरांना विचारू नका, उगाच त्यांना वाईट वाटेल.”

बाहेर माळ लागली. पडवीत उजेड झाला आणि तो स्टुलावरून उडी मारून आत आला.

“हे काय सर, तूप घेतलंच नाही तुम्ही,” म्हणाला आणि तुपाची वाटी माझ्यापुढे सरकवली.